बोकडाचा विसावा

आमच्या बोकडाकडे लोक शेळ्या लावायला आणतात. बायको होती तेव्हा दिवसाला दोनच घ्यायची, तिसरीला दारातूनच परत पाठवायची. म्हणायची, "त्याला विसावा नको? जास्त लावल्या की त्याच्यात काही उरत नाही. शेळी रिकामीच राहते."

ती गेल्यापासून मी कुणालाच नाही म्हणत नाही.

परवा शेजारी चिडूनच आला, शेळीला ओढत. "तुमच्या बोकडात आता राम राहिला नाही. दुसऱ्यांदा रिकामी राहिली ही. वहिनींना कळायचं, तुम्हाला एवढंही कळत नाही?"

"कळतं," मी म्हटलं. "बसा जरा, चहा ठेवतो."



शेळी गाभण राहिली, की तिचा मालक पुन्हा महिनोन् महिने दारात पाऊल टाकत नाही.