कापलेला पाइप

पेडल थेट तळाला गेलं. उस्तादांनी पाय उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. किल्ली अजून फिरवलेली नव्हती. इंजिन सुरू करण्याआधी पेडल दोनदा दाबून बघायचं, ही त्यांची गॅरेज चालवायचे तेव्हापासूनची सवय. गॅरेज विकलं, सवय राहिली.

समोर अंगणाचा उतार होता आणि उतार संपला की लगेच वाहता रस्ता. हँडब्रेकला तेल लागत नाही, तो तारेवर चालतो, म्हणून गाडी जागेवर होती. शेजारच्या सीटवर बायको केव्हाची येऊन बसली होती. एरवी हॉर्न वाजवून हात दुखेपर्यंत ती घरातून निघायची नाही. आज एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हँडब्रेक. गाडीत ती नेहमी काहीतरी धरूनच बसायची. ब्रेक गेलेत, उतर, असं उस्ताद म्हणाले आणि ती काही न विचारता उतरली.

जुनी छोटी गाडी. सगळ्या चाकांना मिळून तेलाची एकच लाइन, एक पाइप गेला की सगळेच ब्रेक गेले. चाकाजवळ हात टेकला तर तळवा ओला झाला. खाली ब्रेक ऑइलचं चांगलं थारोळं साचलं होतं. त्यातूनच ते मघाशी चालत आले होते. बॉनेट उघडून त्यांनी लोखंडी पाइपावरून बोटं फिरवली. एका जागी पाइप तुटला होता, पण गंजून तुटलेल्या पाइपाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी लागते. ही कड गुळगुळीत होती, गोल आणि किंचित आत वळलेली. पाइप कटरनं कापलेला होता.

उस्तादांचा संशय लगेच जिन्यावरून वर गेला, मुलाच्या खोलीपर्यंत. गेल्या महिन्यात चौकात एक सायकलवाला आडवा आला, गाडीची कड लागली, तो थोडक्यात वाचला. तेव्हापासून मुलानं एकच धोशा लावला होता, गाडी विका. उस्तादांनी बायकोला साक्षीला उभं केलं होतं. आला असेल आडवा, असं ती चारचौघांत म्हणालीही होती. तरी मुलाचं तोंड बंद होईना, मग उस्तादांनीच त्याच्याशी बोलणं टाकलं. माणूस म्हातारा झाला की घरच्यांच्या डोळ्यांत आधी त्याची गाडी खुपते, मग तो.

तेवढ्यात मुलगाच खाली आला. काय झालं, कुठं लागलं का, मी गॅरेजवाल्याला बोलावतो, असं भडाभडा विचारून मोकळा झाला. चोराच्या मनात चांदणं, उस्तादांना वाटलं. त्यांनी त्याचे हात पाहिले. स्वच्छ. याला साधा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळत नाही, यानं कुणाकडून तरी करून घेतलं असणार. पोटच्या पोरानं. त्यांनी त्याला हातानंच जा म्हटलं.

नवा पाइप घरात होता. तो कापायला त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. कटर आपल्या जागी होता, फडक्यात गुंडाळलेला. फडक्याला दुहेरी गाठ. आतल्या कटरला तेलाचा हात फिरवलेला, आणि ते तेल ताजं होतं.

मुलानं किंवा त्याच्या माणसानं कापलं असतं तर कटर गाडीखाली सापडला असता. गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी हत्यारं पुसून अशी गाठ मारणारं एकच माणूस होतं. ते आत्ता समोर उभं राहून जुना पाइप मापाला धरत होतं.

जुन्या पाइपावर ठेवून नवा वाकवताना उस्ताद बायकोकडे चोरून बघत राहिले. आपल्याच घरात आपण कुणाला नको झालो, हे त्यांना कळेना. त्या नादात नट न ओवताच पाइपाचं तोंड फुगवलं; फुगलेल्या तोंडातून मग नट चढत नाही. कामाला लागल्या दिवशी पोरं करतात ती चूक. तोंड कापून पुन्हा सुरुवात. या वेळी तिनं नट आधीच पुढे धरला. पाइप बसवताना तो तापणाऱ्या सायलेन्सरला टेकत होता, तेही तिनंच बोटानं बाजूला सारलं आणि क्लिपमध्ये दाबलं. त्यांना दिसलं नव्हतं.

मग लाइनमधली हवा काढायला ती पेडलवर बसली आणि ते चाकाशी आडवे झाले. दाब, धर, सोड. जुनीच भाषा.

"कडक लागतंय?"

"लागतंय."

तिथून तिचा फक्त पाय दिसत होता. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच त्यांना विचारता आलं.

"पाइप तू कापलास?"

"हो." भाजीत मीठ घातलंस का, असं विचारल्यासारखं ती म्हणाली. "सायकलवाला आडवा नव्हता आला. केव्हाचा समोर होता. तुम्हाला दिसला नाही. आज तेलाचं थारोळंही दिसलं नाही. चारचौघांत मी तुमची बाजू घेतली, घरात खरं सांगितलं, तर मलाच घाबरट म्हणालात. बॅटरीची वायर काढली असती तर धक्का मारून सुरू केली असतीत."

"अगं, उतारावर दोघंही मेलो असतो."

"किल्लीआधी तुम्ही पेडल दाबता. जन्मात कधी चुकला नाहीत."

उस्तादांच्या हातातला पान्हा थांबला. नट विसरलेला माणूस काहीही विसरू शकतो, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा मान्य झालं.

"आणि आज विसरलो असतो तर?"

पेडलवरचा पाय जरासुद्धा हलला नाही.

"म्हणून तर तुमच्या आधी येऊन बसले होते," ती म्हणाली, "हँडब्रेक धरून."