मुदत

काश्मीरच्या लढाईत धाकटा भाऊ गेल्यापासून पोलीस हवालदार दौलतराव पाकिस्तानातल्या माणसांचं नाव काढू देत नसत. चोपन्न साली कराचीहून धारला आजारी आईकडे आलेल्या जुबेदाची राहण्याची मुदत संपली. तिला परत धाडण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. ते दारात पोचले तेव्हा ती आईला दलिया भरवत होती. "भिया, इतना खिला दूँ, फिर चलूँ," ती म्हणाली. भाऊ गेल्यावर त्यांनीही आपल्या आईला असंच भरवलं होतं. ते तडक साहेबांकडे गेले. "म्हातारी आजउद्याची सोबती आहे. पोरीला राहू द्या." "पाकिस्तानी आहे ती." "लेक आहे, साहेब." साहेबांनी ऐकलं नाही. दुपारच्या मोटारीत दौलतरावांनीच तिला बसवलं आणि ते म्हातारीजवळ येऊन बसले. तिने लेक समजून त्यांचा हात धरला. दिवेलागणीला म्हातारी गेली, तेव्हा जुबेदाची मोटार रतलाम स्टेशनलाही पोचली नव्हती.