हद्दीवरचा नैवेद्य

"आधी गाऱ्हाणं, मग टोकन," विजय परब म्हणाला आणि फोन टीपॉयवरच्या फुलदाणीला टेकवून त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

फोनमध्ये बालीतलं एक खेडं होतं. भाताची खाचरं, माड, एक मोठा फणस, आणि त्या फणसाजवळ हातात नारळ घेऊन उभे असलेले जमिनीचे मालक, वायान आजोबा. फोनच्या अलीकडे कुवेतमधल्या फिंतास भागातला विजयचा फ्लॅट होता. शुक्रवारची सुट्टी होती. सोफ्यावर एजंट अब्बासभाई दुसरा चहा संपवून बसले होते. ते मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे गाऱ्हाणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. जागा घ्यायची तर आधी जागेवाल्याला, म्हणजे त्या जमिनीच्या राखणदाराला, नारळ ठेवून विचारायचं. कोकणात हे चालतं. व्हिडिओ कॉलवर चालतं का, हे मात्र तोवर कुणी करून पाहिलं नव्हतं.

"अहो, पण तिथल्या देवाला मालवणी कळेल का?" त्याच्या बायकोनं, सुखदानं विचारलं. ती पुण्याची, त्यातून नर्स. तिला असल्या शंका यायच्याच.

"देवाला सगळं कळतं. तू फक्त माझ्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हण."

विजयला ही जागा हवीच होती. हॉस्पिटलात लोकांच्या हाडांचे फोटो काढता काढता त्याची अर्धी हयात कुवेतमध्ये गेली. आता म्हातारपणी जाऊन राहायला आपलं म्हणावं असं एक गाव हवं होतं. तसं गाव होतंच की, कुडाळजवळ! पण तिथल्या सातबाऱ्यावर एवढी नावं होती की त्यांची पंगत बसवली असती तर पत्रावळी कमी पडल्या असत्या. आणि त्या नावांत गणपत होता, सख्ख्या काकाचा मुलगा. सामाईक हद्दीवरच्या फणसावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. फणस कुणी पाडले, किती पाडले आणि गरे कुणी खाल्ले, यावर आजवर कुणाचंच एकमत झालेलं नाही.

बरं, गणपत लांब असता तरी एक वेळ ठीक होतं. तो इथंच कुवेतमध्ये, महबूल्यात एसी दुरुस्त करायचा. सुपरमार्केटात समोर आला की दोघंही आपापल्या ट्रॉल्या वळवत. मंडळाच्या गणेशोत्सवात एक सकाळच्या आरतीला यायचा, दुसरा संध्याकाळच्या. म्हणूनच विजयनं अब्बासभाईंना एकच अट घातली होती, की जिथं एकाही परबाचं पाऊल पडलेलं नाही अशी जागा दाखवा.

त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि गावासाठी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराला शोभेल असा आवाज लावला.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज ह्यो विजय तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

सुखदानं नाइलाजानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी फोनमधूनच आवाज आला. खणखणीत आणि शेवटी छान लांबवलेला.

"व्हय म्हाराजा!"

वायान आजोबा! विजयच्या अंगावर काटा आला.

"भावबंदांची सावली ह्या जाग्यार पडाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विजयला भरून आलं. एवढ्या लांबच्या देवानं आपलं ऐकलं, तेही आपल्या भाषेत! त्यानं डोळे पुसले. तेवढ्यात तिकडे फोन धरून उभी असलेली एजन्सीची बाई इंग्रजीत बोलू लागली.

"आजोबा विचारतायत, बरोबर म्हटलं ना? मागच्या महिन्यात शेजारच्या साहेबांनी शिकवलं त्यांना."

"शेजारच्या?"

"फणसापलीकडची जागा ज्यांनी घेतली ते. तेही कुवेतलाच असतात."

विजयनं अब्बासभाईंकडे पाहिलं. अब्बासभाईंनी रिकाम्या कपात पाहिलं.

"हाय एक," ते म्हणाले. "महबूल्याचा एसीवाला. परबच. मी त्याला विचारलं, विजय परब तुमच्या नात्यातले काय? तर बोलला, असलं नातं दुश्मनाला पण नको."

"अब्बासभाई, माझी अट काय होती?"

"पाऊल खंय पडलंय अजून? त्यानं पण फोनवरच घेतली."

तिकडच्या बाईचं अजून संपलं नव्हतं. "आजोबांना आणखी एक विचारायचंय. हा विजू कोण? ते साहेब प्रार्थनेत सारखं त्याचं नाव घेत होते, खूप रागानं. आजोबांना वाटलं, तुमच्याकडचं एखादं वाईट भूत असेल. म्हणून ते रोज त्याच्यासाठी हे ठेवतात. खाऊन त्यानं हद्दीवरूनच परत जावं म्हणून."

तिनं फोन खाली वळवला. फणसाच्या बुंध्याशी माडाच्या पात्यांची इवलीशी परडी होती. तीत फुलं, चिमूटभर भात आणि जळती उदबत्ती.

अख्ख्या कुवेतमध्ये विजयला 'विजू' म्हणणारा एकच माणूस होता.

सुखदाला हसू आवरेना. मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं ते दाबलं. "जाऊ दे हो," ती समजुतीनं म्हणाली. "दुसरी जागा बघू. भाऊबंदकी नको म्हणूनच तर चाललं होतं ना सगळं?"

विजयचं लक्ष नव्हतं. तो फोनला नाक लावून बसला होता. "जरा वर दाखवा," तो म्हणाला. बाईनं फोन वर केला. फणस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडला होता, आणि जास्त फणस पलीकडच्या अंगाला होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला ती जागा आपली वाटली.

"झाड कुणाच्या हद्दीत?"

"बरोबर मधोमध," अब्बासभाई म्हणाले.

विजयनं खिशातलं पेन काढलं.

"सही कुठं करायची ते दाखवा. आणि त्या आजोबांना सांगा, नैवेद्य पोचला. विजू येतोय."