काठोकाठ पेला

बाबांनी चाळीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. लेकीला शिकवताना ते काठोकाठ भरलेला पेला गुडघ्यावर धरून शेजारी बसायचे. "चवडा ब्रेकवर, त्याच पायाची टाच ॲक्सिलरेटरवर. गिअर उतरवलेला मागच्या पेशंटला कळता कामा नये." जरासा गचका बसला, की ते एवढंच म्हणायचे, "सांडलं." महिनाभरात तिला त्या शब्दाचा वीट आला होता. आज मागच्या सीटवर बाबाच छाती धरून आडवे होते, नि समोर हॉस्पिटलकडे उतरणारा वळणावळणांचा रस्ता. पहिल्या वळणावर टाच अचूक पडली, गिअर उतरला, गाडी अलगद वळली. मागून शब्द नाही. तिला बरं वाटलं. दुसऱ्या वळणालाही नाही. आता तिने मागे कान लावला. "बाबा? बाबा!" पुढच्या वळणावर तिने मुद्दाम क्लच दणकन सोडला. गाडीने गचका खाल्ला. मागून बारीक, वैतागलेला आवाज आला, "सांडलं."