खाली उतरलेलं धुकं

डोंगरमाथ्यावरच्या जंगलातलं शेवटचं झाड करवतवाल्याने सकाळी पाडलं आणि दुपारी धुकं पहिल्यांदाच वस्तीत उतरलं. एरवी ते वरच्या झाडांतच अडायचं आणि पानापानांवरून दिवसभर ठिबकत राहायचं.

"येऊ दे की, पाहुणंच आहे," असं हसत म्हणून करवतवाला जेवायला बसला.

बायको वाळलेले कपडे काढायला अंगणात गेली, ती परत येईना. त्याने हाक मारली. नुसती टपटप ऐकू आली.

तो बाहेर धावला. अंगण कोरडं ठणठणीत होतं. फक्त तिच्या केसांतून, कोपरांवरून, बोटांच्या टोकांवरून पाणी गळत होतं.

"अगं, आत चल!"

"पाय उचलत नाहीत हो," ती म्हणाली. आवाज मात्र शांत होता.

त्याने तिला कमरेला धरून सगळा जोर लावून ओढलं. ती तसूभरही हलली नाही. तेवढ्यात धुक्यातून एक इवलंसं पाखरू आलं, तिच्या खांद्यावर टेकलं आणि चोचीतली काडी त्याने तिच्या केसांत नीट खोचली.

त्याने पुन्हा ओढलं.

"ओढू नका ना," ती कुजबुजली. "घरटं पडेल त्याचं."