काठाचा बर्फ

"बाबा, थांबा तिथंच!" हिल्का काठावरून ओरडली.

थांबतील तर ते यालमारी कसले! ऐंशी उलटलेला तिचा बाप, काठापासून चाळीसेक हातांवर, पहार टेकत गोठलेल्या तळ्यावरून चालला होता. पायांत नुसते लोकरी मोजे. हिल्का काठाकाठानं, गुडघाभर ओल्या बर्फातून पाय उपसत त्यांच्या बरोबरीनं निघाली होती.

"सुलोकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "बेटावर एकटा पडलाय तो."

सुलोकाकाला वारून अकरा वर्षं झाली होती.

"काकाला नंतर भेटा. आधी कॉफी घ्या. वेलदोड्याचे पाव केलेत, गरम आहेत."

कॉफी म्हटल्यावर म्हातारा काठाकडे वळला, आणि हिल्काला आपली चूक कळली. मार्च सरताना तळं काठाकडून कुजतं, मधला बर्फ पुढं महिनाभर गाडी तोलतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहाटेच्या थंडीत ते धक्क्यावरून उतरले तेव्हा काठ धड होता. आता ऊन चढलं होतं. मघाशी तिनं स्वतः एक पाय टाकून पाहिला, तो मांडीपर्यंत आत गेला. हे सगळं माहीत असून भीतीपोटी तिनं बापाला नेमकं तिकडूनच बोलावलं होतं. मदतीसाठी फोन केला होता. माणसं निघाली होती, पण अर्धा तास लागणार होता.

"येऊ नका! मागं व्हा बाबा, बर्फ कुजलाय!"

"मला शिकवतेस होय बर्फ?" ते हसले. "कॉफी ओत तू."

"कॉफी नाही. काही नाही इथं. जा तिकडं."

ते गोंधळले, पण पाय चालतच राहिले. मोज्यांभोवती पाणी वर आलं.

"अगं, असं काय करतेस? माझंच घर ना ते?"

हिल्काला रडू फुटलं. समजावायला शब्द होते, पण ते पोचणार कुठं? तिनं पायाजवळचा दगड उपसला आणि जीव खाऊन त्यांच्या पुढ्यात फेकला.

"तोंड दाखवू नका मला! चालते व्हा!"

दगड बर्फातून अलगद खाली गेला. यालमारींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते तिच्या उगारलेल्या हाताकडे बघत होते.

"जातो, बाई," ते हळूच म्हणाले. "मारू नकोस."

ते वळले आणि खाली मान घालून तळ्याच्या मध्याकडे चालू लागले. हिल्का काठावर हात जोडून उभी राहिली. देवा, त्यांना मागं वळून बघू देऊ नकोस, एवढंच ती मागत होती.