पिवळा केक

हळदीचं बोट हाताला लागायच्या आतच रीताने हात मागे ओढला.

मांडवातलं गाणं मध्येच तुटलं. सौंदडच्या त्या भर दुपारी जांभळीच्या डहाळ्यांखाली बसलेल्या सगळ्या बायका टकमका बघत राहिल्या. नवऱ्या मुलाची, हिमांशुची, उष्टी हळद घेऊन त्याची प्रेमिलाआत्या सडक अर्जुनीहून आली होती. तिचं बोट तसंच हवेत राहिलं. नवरीने हळदीला हात दिला नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? नवरीची आई शांतीबाई घाईने पुढे सरकून बसली.

"काऊन वो, आमची हरद आवडली नाही का?" प्रेमिलाआत्याने विचारलं.

"तसं नाही, आत्या." रीता गोरीमोरी झाली. "सवय पडली आहे. पिवळं काही उघड्या हाताले लागू द्यायचं नसते आमच्या कारखान्यात. हातमोज्याशिवाय शिवतच नाही."

"केकले?"

आता आली पंचाईत. सोयरीक जुळवताना रीताच्या मनिराममामाने सांगून ठेवलं होतं, की पोरगी हैदराबादकडे केकच्या कारखान्यात आहे. अणूचं काम म्हटलं तर कोण दारात उभं राहील, असं त्याचं म्हणणं. आणि अगदीच खोटं तरी कुठे होतं? रीता ज्या मालावर काम करते त्याला तिथले लोक पिवळा केकच म्हणतात. फक्त तो कोणी खात नाही. शांतीबाई तेव्हा गप्प बसली. मग मुलाकडून निरोप आला, की लग्नानंतर ते केकचं काम तेवढं सोडावं, घरची भाताची गिरणी आहे, पोरीला कशाची कमी नाही. तेव्हाही शांतीबाई गप्पच. रीताने नुसती मान हलवली, आणि त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं लक्षच उडालं.

"तो केक नाही, आत्या," रीता म्हणाली. "युरेनियम आहे. अणुभट्टीत जे इंधन जाते, त्याचा कच्चा माल आम्ही तयार करतो."

शांतीबाईने डोळेच मिटून घेतले. झालं, बुडालं लग्न. मांडवात मोहाच्या फुलांचा जड वास साचला होता. मागच्या बोडीच्या तळ्यावर होला पक्षी घुमत होता. त्या गुंगीत लेकीचा आवाज तिला पाण्याच्या पल्याडून यावा तसा ऐकू येत राहिला.

"पहिले तो केक आम्लात विरघळवतो. गाळतो, साफ करतो. मग निवळ, फिकट पिवळसर पाणी होते. त्याच्यात अमोनिया सोडायचा, अगदी हळू. खूप वेळ काहीच नाही होत, आत्या. पाणी नुसतं फिरून राहते. वाटते, आज काही होतच नाही. आणि मग एकदम आतल्या आत पिवळं उठते. सगळी टाकी भरून जाते. त्याचा दाणा हळूहळू खाली बसते. घाई केली का दाणा बिघडला. मग तो नीट गाळल्या जात नाही, पुढे भाजून त्याची गोळी केली तर तेही तडकते. सगळा खेळ त्या दाण्याचा आहे."

शांतीबाईने डोळे उघडले. रीताचा हात हवेतच गोल गोल फिरत होता, काहीतरी ढवळत असल्यासारखा. तोंड असं उजळलं होतं, की त्याच्यापुढे हळदीची गरजच नव्हती. हा चेहरा लग्न ठरल्यापासून या घरात कोणी पाहिला नव्हता. आपण आपल्या हाताने तो विझवायला निघालो होतो, असं शांतीबाईला वाटलं.

"लेकरंबारं होतात का तिथल्या बायांले?" प्रेमिलाआत्याने सरळच विचारलं.

"होतात ना. आमच्या मॅडमले दोन आहेत. धाकटा तर असा वांड आहे का विचारू नका."

कोणीतरी फिस्सकन हसलं. आत्या हसली नाही.

"आन् तू काम सोडल्यावर तो दाना कोन पाहील?"

"कोणी ना कोणी पाहील."

"त्याले समजेल?"

रीताचा फिरता हात थांबला.

"नाही समजनार." शांतीबाई उभी राहिली होती. आपण कधी उठलो, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. "बाई, माही पोरगी काम सोडनार नाही. सोयरीक मोडाची असेल तर आताच मोडा. हे हरद वापस घेऊन जा."

उलटी गेलेली हळद म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. रीताने आईचा पदर घट्ट धरला.

प्रेमिलाआत्याने वाटी मांडीवर ठेवली. बोटावरची हळद तिने अंगठ्याने चोळून चोळून पाहिली. घरच्या गिरणीत उसन्या तांदळासाठी धान नीट उकडलं की नाही हे बघताना ती असंच करते.

"हैदराबादचे लोक उसना तांदूर खातात का वो?" तिने विचारलं.

रीताला आधी प्रश्नच समजला नाही. "उसना? फारसा नाही खात, आत्या."

"मंग हिमांशु तिकडं येऊन शिकवेल त्याईले खायाले," आत्या म्हणाली आणि तिने रीताचा हात पुढे ओढला.